दोन बोटांचा प्ले

बालिंग्याच्या पुलाच्या अलीकडे रस्त्यात एक उंचवटा होता. कोल्हापूर मागे पडून गगनबावड्याचा रस्ता सुरू झाला की हात सैल होतात, पाय जड होतो, आणि नेमका तिथेच तो यायचा. त्या दिवशी काटा ५० च्या आसपास होता. डावं चाक उंचवट्यावरून उतरलं आणि स्टेअरिंगने माझे हात झिडकारले. डावी-उजवीकडे असे हिसके बसायला लागले की स्टेअरिंगचे आरे दिसेनात. दोन्ही मडगार्डं एकमेकांशी भांडल्यासारखी वरखाली नाचत होती, डॅशबोर्डवरचा गणपती निखळून पायाशी आला होता, आणि समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत, गाणी लावून एक ट्रॅक्टर येत होता. ब्रेक दाबत दाबत वेग २० वर आणला तेव्हा सगळं एकदम थांबलं. स्टेअरिंग पुन्हा शहाण्या मुलासारखं हातात.

शेजारी बसलेला मेव्हणा बराच वेळ बोलला नाही. कळ्याला चहा घेताना म्हणाला, "दाजी, ही आता शेडात लावा. हार घालून."

जीप वडिलांची. सरकारी लिलावात घेतलेली, मॉडेल सीजे-थ्रीबी, म्हणजे उंच नाकाची. विलिज कंपनीने अमेरिकेत टोलेडोला १९५३ साली ही काढली. नवं इंजिन उंचीला जास्त होतं, ते मावेना म्हणून बॉनेट वर उचललं, आणि युद्धातल्या देखण्या जीपला हे कपाळ आलं. तिकडे १९६८ साली ती बंद झाली. आपल्याकडे विलिजच्या जीपा जोडणाऱ्या महिंद्रांनी ती त्यानंतरही कितीतरी वर्षं बनवली. पाटबंधारे, वनखातं, पोलीस, बीडीओ, सगळ्यांच्या दारात ती उभी असायची. आमच्या जीपचं मूळ पेट्रोल इंजिन वडिलांनीच काढून डिझेल बसवलं होतं, त्यामुळे नाकावर वजनही वाढलेलं.

तिच्या पुढच्या अंगाची रचना बैलगाडीच्या जवळची आहे. एकच अखंड धुरा, दोन टोकांना चाकं, जोडीला कमानपाटे. एक चाक वर गेलं की अख्खा धुरा तिरका होतो. ही गोष्ट तेव्हा मला ठाऊक होती, पण तिचा आणि माझ्या झिडकारल्या गेलेल्या हातांचा काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं.

पुढचं वर्ष मी चुकीच्या दारांत घालवलं. आधी व्हील बॅलन्सिंग. मग कॉम्प्युटरवरचं अलाइनमेंट. त्या दुकानातल्या मुलाने गाड्यांच्या यादीत माझी जीप शोधली, ती नव्हती, तेव्हा नावाने जवळची वाटणारी दुसरीच एक गाडी निवडली आणि पडद्यावर सगळे आकडे हिरवे करून दिले. हिरवे आकडे घेऊन मी बालिंग्याला गेलो आणि तसाच थरथरत परत आलो. मग कुणीतरी म्हणालं, टायर बदला, रुंद घाला, रस्ता धरून राहतील. मूळचे अरुंद ६.००-१६ काढून रुंद टायर घातले, त्यासाठी चाकंही बाहेर आलेली बसवली. थरथर आता ५० ऐवजी ४० ला यायला लागली. शेवटी एकाने स्टेअरिंग डँपर सुचवला. डँपर म्हणजे आडवा निजवलेला शॉकअब्सॉर्बर, एक टोक धुऱ्याला, दुसरं स्टेअरिंगच्या रॉडला. चार महिने शांतता. मला वाटलं, जिंकलो. मग एका संध्याकाळी त्याचा ब्रॅकेट वेल्डिंगपाशी तडकला आणि दबून बसलेली थरथर व्याजासकट बाहेर आली. एव्हाना २३ हजार गेले होते आणि जीपच्या एकाही सांध्याला कुणी हात लावलेला नव्हता.

हा हात लावणारा माणूस कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात सापडला. फाउंड्र्या, लेथ, पंपांचे सुटे भाग, इंजिनांची बोअरिंगं, या सगळ्या गोंगाटात एक पत्र्याची शेड. मिस्त्री सत्तरीकडे झुकलेले, डोक्याला टॉवेल. मी थरथरीची कहाणी रंगवून सांगायला लागलो. त्यांनी हात वर केला.

"कुठं थरथरती ते र्‍हाऊ दे सायेब. थांबती कवा ते सांगा."

हा प्रश्न मला वर्षभरात कुणी विचारला नव्हता. आणि अर्धं निदान त्यातच होतं.

चाकाचा तोल गेला असेल, तर थरथर वेगाबरोबर येते आणि वेगाबरोबर जाते. हिशेब साधा आहे. जीपचं चाक एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर जातं. ५० च्या वेगाला ते सेकंदाला सहा वेळा फिरतं. रिमच्या कडेला ३० ग्रॅमचं शिसं कमी पडलं असेल, तर त्या वेगाला ती उणीव जवळजवळ एका किलोच्या जोराने चाकाला फेऱ्यागणिक ओढते. १०० च्या वेगाला हीच ओढ चौपट. ठराविक वेगाला हा ठेका गाडीच्या स्वतःच्या ठेक्याशी जुळतो आणि स्टेअरिंग गुणगुणायला लागतं. तो वेग ओलांडला की कमी होतं. छोट्या गाड्यांत ८० ला येणारी आणि ९५ ला विरणारी ती हीच. त्रासदायक, पण सभ्य.

माझी थरथर सभ्य नव्हती. ती एका धक्क्याने सुरू व्हायची आणि रस्ता सपाट झाला तरी चालूच राहायची. वेग पार खाली आणल्याशिवाय सोडायचीच नाही. म्हणजे तिला बाहेरून ढकलायची गरज नव्हती. गाडीच्या चालण्यातूनच ती आपलं खाद्य मिळवत होती. इंग्रजीत हिलाच शिमी म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला अमेरिकेत खांदे हलवत नाचायच्या एका नाचाचं हे नाव, गाड्यांच्या पुढच्या चाकांना चिकटलं ते कायमचं. आमच्याकडे तिला नाव नाही. मिस्त्री म्हणतात, "गाडी अंगात आल्यागत करती." माझ्या मते नाचापेक्षा हे जास्त अचूक आहे.

मिस्त्रींनी पाना घेतला नाही. पुढच्या टायरवर तळहात ठेवला आणि बाहेरून आत फिरवला, मग आतून बाहेर. मला म्हणाले, तुम्ही बघा. एका दिशेने रबर गुळगुळीत लागत होतं. उलट दिशेने प्रत्येक नक्षीची कड बोटांना लागत होती, करवतीवरून हात फिरवल्यासारखी. चाक सरळ न लोळता थोडं थोडं घासत चालल्याची ती खूण. शिवाय टायरला हातभर अंतरावर उथळ चट्टे पडले होते, कुठेतरी चाक उड्या मारत असल्याची ती खूण. पडद्यावरचे हिरवे आकडे आणि माझा तळहात यांच्यात पहिल्यांदाच मतभेद झाला.

मग त्यांनी खिडकीबाहेरून स्टेअरिंग दोन बोटांनी हलवलं. चाक जागचं न हलता स्टेअरिंग किती फिरतं ते बघितलं. "दोन बोटं चालंल. तुमचं चार बोटं हाय. आता कुठलं बोट कुठलं, ते बघूया की."

इथे एक गोष्ट मला फार उशिरा कळली. हे काम एकट्याला करता येत नाही. वर बसलेल्याला झोल जाणवतो, पण कुठे आहे ते कळत नाही. खाली निजलेल्याला जागा दिसते, पण कुणीतरी हलवल्याशिवाय ती बोलत नाही. आणि गाडी जॅकवर नको, चाकं जमिनीवरच हवीत. चाक अधांतरी असलं की ते मोकळं फिरतं आणि सैल सांधाही रुबाबात त्याच्याबरोबर फिरतो. जमिनीने चाक धरून ठेवलं की मधला प्रत्येक ढिला सांधा उघडा पडतो.

आधी मी वर आणि मिस्त्रींचा पोरगा खाली. मग मिस्त्री म्हणाले, तुम्ही जा खाली, तुमची गाडी आहे. गोणपाट पसरून मी आत सरकलो. डिझेल, माती आणि जुन्या ग्रीसचा वास. पोरगा स्टेअरिंगवर बसला आणि इंचभर इकडे, इंचभर तिकडे, असा झोका देत राहिला. मिस्त्री शेजारी उकिडवे बसून सांगत होते. बोट असं ठेवायचं की अर्धं रॉडवर आणि अर्धं त्याच्या टोकाच्या बॉल जॉइंटवर. सांधा धड असेल तर दोन्ही अर्धी एकदम हलतात. सैल असेल तर आधी एक हलतं, मग क्षणभराने दुसरं, आणि मधे नखाखाली एक बारीक टिक् होते.

डाव्या चाकाच्या टोकाला टिक् झाली. उजवीकडे आतल्या टोकाला झाली. स्टेअरिंगच्या पेटीकडून येणाऱ्या ड्रॅग लिंकच्या पुढच्या टोकाला टिक् नव्हती, तिथे सरळ खडखड होती. आणि मधोमध, जिथे ड्रॅग लिंकची मागून पुढे येणारी ढकल वळवून दोन्ही चाकांच्या रॉडांना वाटून देणारा लोखंडाचा तिकोनी तुकडा आहे, तिथे बोट ठेवायचीही गरज नव्हती. तो पिनेभोवती फिरायच्या आधी अख्खा बाजूला सरकत होता. पुस्तकात त्याला बेलक्रँक म्हणतात. मिस्त्री त्याला नुसतं 'मधला' म्हणतात.

मोजायला बसलं तर गंमत कळते. दोन टायरॉडांची मिळून चार टोकं. प्रत्येकात अर्धा मिलिमीटर झिजला असं धरा, जो डोळ्याला दिसतही नाही. चारांचे मिळून दोन मिलिमीटर, आणि सांध्यापासून टायरच्या कडेपर्यंत पोचेस्तोवर त्याचे दुप्पट-तिप्पट होतात. या जीपच्या पुढच्या चाकांनी एकमेकांकडे किती कललेलं असावं, म्हणजे टो-इन, याचं मूळ माप ३/६४ ते ३/३२ इंच आहे. साधारण १.२ ते २.४ मिलिमीटर. जे माप लावायचं, त्याहून झोलच मोठा! अशा गाडीचं अलाइनमेंट म्हणजे हलत्या पाळण्यातल्या बाळाची उंची मोजणं. तो मुलगा आणि त्याचा पडदा खोटं बोलत नव्हते. गाडी जिथे उभी होती त्या क्षणापुरतं ते खरंच होतं.

मिस्त्रींनी आणखी एक भेद करून दाखवला, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्टेअरिंगच्या पेटीत झोल असेल तर गाडी भटकते. सरळ रस्त्यावर सारखी डावी-उजवी दुरुस्ती करत राहावी लागते. पण त्याने शिमी होईलच असं नाही. शिमीला झोल लागतो तो चाकांच्या जवळचा, रॉडांत, चाक ज्या खिळीभोवती वळतं त्या किंगपिनमध्ये, चाकाच्या बेअरिंगमध्ये. भटकणं आणि थरथरणं हे दोन आजार आहेत. माझ्या जीपला दोन्ही होते. बहुतेक जुन्या गाड्यांना असतात, म्हणून तर घोटाळा होतो आणि लोक स्टेअरिंग सैल लागलं की आधी पेटीचा स्क्रू आवळतात.

आता जॅक. पुढचं एक चाक जमिनीवरून उचललं. मिस्त्रींनी घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी टायर धरून आत-बाहेर ढकललं. ठक्-ठक्. पोरग्याला ओरडून सांगितलं, "ब्रेक दाब." पुन्हा ढकललं. अजून ठक्-ठक् होतंच, थोडं कमी. ब्रेक दाबला की ड्रम आणि त्यामागची पाटी एक होतात, चाकाचं बेअरिंग खेळातून बाद होतं. तरीही आवाज राहिला तर उरते किंगपिन. माझ्याकडे दोन्ही होतं. हे दहा सेकंदांचं काम आहे, फुकट आहे, आणि वर्षभर चार ठिकाणी जीप जॅकवर चढूनही कुणी केलं नव्हतं.

या सगळ्या ढिलाईतून अंगात येणं कसं घडतं? सायकलचं सुटं चाक दोन्ही हातांनी धुऱ्याला धरा, जोरात फिरवा आणि तिरकं करून बघा. चाक तिरकं व्हायच्या ऐवजी वळायला बघतं. जीपचं डावं चाक उंचवट्यावर चढतं, अखंड धुरा तिरका होतो, दोन्ही फिरती चाकं त्यामुळे किंगपिनभोवती वळतात. वळली की तीच युक्ती उलटी चालते, धुरा पुन्हा तिरका होतो, आता दुसऱ्या बाजूला. त्याने चाकं पुन्हा वळतात. सांधे घट्ट असतील तर रॉड, ग्रीस, टायरचं घर्षण हे सगळं मिळून ती लहर दोन-तीन हिसक्यांत मारून टाकतात. सांधे सैल असतील तर चाकांना त्या दोन-चार मिलिमीटरांत अडवणारं कुणीच नसतं. लहर मोठी होत जाते आणि पुढे टायरच तिला खतपाणी घालतो.

मोटारीचे कारखाने याच दुखण्याने १९२० च्या दशकात हैराण झाले होते. १९२३ पासून कमी हवेचे जाड, मऊ टायर आले, त्याच सुमाराला पुढच्या चाकांना ब्रेक लागले, रस्ते सुधारून वेग वाढले, आणि पुढचे अखंड धुरे अंगात आल्यागत करू लागले. जॉर्ज ब्रुलिए या फ्रेंच अभियंत्याने १९२५ साली शिमीवर लिहिताना एक गोष्ट दाखवून दिली: वळणारा टायर ज्या दिशेला तोंड करतो, त्याच दिशेला तंतोतंत जात नाही, किंचित सरकत जातो. टायरच्या शास्त्राचा पाया म्हणता येईल असा हा विचार या थरथरीच्या पाठलागातून निघाला. पुढे रोल्स-रॉइसमधून १९३० साली कॅडिलॅकला गेलेल्या मॉरिस ओली यांनी अखंड धुऱ्यालाच हात घातला. जनरल मोटर्सच्या १९३४ च्या गाड्यांत पुढची चाकं स्वतंत्र झाली, एक वर गेलं तरी दुसऱ्याला पत्ता नाही. लोकांना सांगितलं, गाडी मऊ चालते. ते खरंच होतं, पण अभियंत्यांना शिमीपासूनही सुटका हवी होती. जीपने मात्र जुना धुरा ठेवला, कारण तिला शेतातून आणि ओढ्यातून जायचं होतं, आणि तो तुटत नाही.

अँबॅसिडर किंवा मारुती ८०० वाल्यांनी हुरळून जायचं कारण नाही. त्यांचीही टायरॉडची टोकं झिजतात, आर्मचे रबरी बुश फाटतात. फक्त त्यांची गाडी कुरकुरते, अंगात आणत नाही. तपासायची रीत तीच, एक वर, एक खाली.

दुरुस्ती अडीच दिवस चालली. टायरॉडची चारही टोकं नवी. ड्रॅग लिंकच्या आतल्या वाट्या आणि स्प्रिंग नव्या, तोंडाचा आट्याचा बूच पूर्ण आवळून थोडा मागे घेतलेला. किंगपिनची बेअरिंगं काढली तर त्यांच्या वाट्यांत रोलरांच्या रेघा उमटलेल्या, नखाला लागतील इतक्या. नवी घालताना खाली-वर कागदासारख्या पातळ शिम घालून ताण जुळवायचा. जास्त शिम म्हणजे ढिलं, कमी म्हणजे स्टेअरिंग जड. मिस्त्रींनी रॉडच्या भोकात भंगारवाल्याकडे असतो तसा स्प्रिंगचा काटा अडकवला आणि नुसतं चाकाचं टोक ओढून काट्यावर आकडा बघत बसले. दोनदा उघडलं, एकेक शिम काढली. "हाताला घट्ट वाटतंय," मी म्हटलं. "हात खोटं बोलतोय, काटा न्हाई." हाच माणूस सकाळी माझ्याकडून तळहाताने टायर वाचून घेत होता.

'मधल्या'ची पिन घेऊन मी दोन शेड सोडून असलेल्या लेथवाल्याकडे गेलो. त्याने मायक्रोमीटर लावला, पिन एका बाजूने दबलेली. नवी पिन करून, तिच्या मापाचा गनमेटलचा बुश कातून दिला. दाबून बसवल्यावर बुश किंचित आवळतो, म्हणून शेवटचा हात रीमरने मारायचा, तेल सोडत, हळू. पिन आत सोडली तर ती स्वतःच्या वजनाने, श्वास सोडल्यासारखी खाली उतरली. उद्यमनगरात यासाठी पाऊण तास लागला. दुसऱ्या गावात असतो तर याच कामासाठी मी आठवडाभर सुट्या भागाची वाट बघत बसलो असतो.

चाकाच्या बेअरिंगचा नट पोरग्याने चाक फिरवत फिरवत आवळला, चाक अडायला लागेपर्यंत, आणि मग एक षष्ठांश फेरा मागे घेतला. रुंद टायर आणि बाहेर आलेली चाकं काढून माझी जुनी अरुंद चाकं परत आली. बाहेर आलेल्या चाकाला किंगपिनवर लांबचा तरफेचा जोर मिळतो, म्हणून थरथर ४० ला आली होती. ती माझी स्वतःच्या पैशांनी आणलेली भर. पुढचे पाटे बसले होते, त्यामुळे किंगपिनचा मागे कललेला ३ अंशांचा कोन, म्हणजे कॅस्टर, कमी झाला होता. दवाखान्यातल्या ट्रॉलीचं चाक फडफडतं ते आठवा, कॅस्टर बिनसला की तसंच होतं. धुरा आणि पाटा यांच्यामधे लोखंडाची पाचर घालून तो परत आणला. पाट्यांच्या शॅकलच्या बुशांत ग्रीस जात नव्हतं, निपल मातीने बुजले होते. ते साफ करताना पोरग्याने माझ्याकडे जे बघितलं, ते मी इथे लिहीत नाही.

सगळ्यात शेवटी अलाइनमेंट. चाक उचलून फिरवलं, टायरला खडू फासला, फिरत्या टायरवर खिळा टेकवून एक रेघ ओढली. दोन्ही चाकांवर तशाच रेघा. मग गाडी खाली टेकवून, दोन-चार फूट पुढे ढकलून, रेघेपासून रेघेपर्यंतचं अंतर पुढे आणि मागे पट्टीने मोजलं. पुढे दोन मिलिमीटर कमी. मिस्त्रींनी मान हलवली.

स्टेअरिंगमध्ये दीड बोट प्ले अजून होता. पेटीचा स्क्रू आवळून तोही काढा, असं मी म्हटलं. ते नको म्हणाले. पेटी मधे झिजते, कारण आयुष्यभर गाडी सरळच चालते. मधला झोल शून्य करायला गेलं की कडेला, पूर्ण वळणावर, ती आवळते, आणि स्टेअरिंग स्वतःहून परत येत नाही. "घाटात कळंल मग," म्हणाले. दीड बोट राहिलं.

निघताना पोरगा तुटका डँपर घेऊन आला. "सायेब, ह्यो तुमाला पायजे?" नको म्हटल्यावर त्याने तो शेडच्या दाराला टेकवला. दार वाऱ्याने आपटायचं, ते थांबलं.

संध्याकाळी मी एकटाच बालिंग्याकडे गेलो. उंचवट्यावर ३० ला गेलो, काही नाही. वळून ४० ला गेलो. पुन्हा वळलो, गणपती खिशात घातला, काटा ५० वर नेला आणि हात मुद्दाम सैल सोडले. डावं चाक उतरलं, स्टेअरिंगने एक हिसका दिला, अर्धा आणखी, आणि गप्प. चौथ्यांदा वळून आलो तेव्हा रस्त्याकडेला म्हैस घेऊन उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने हात करून गाडी थांबवली.

"काय पडलंय काय हो?"

"न्हाई," मी म्हटलं, "बघतोय."

तो थोडा वेळ माझ्याकडे, थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिला, मग म्हशीला घेऊन उंचवट्यावरून पलीकडे गेला.